चार भोकांची पेटी

महादूनाना लोखंडी पेटीला भोक पाडायच्या आधी घरातल्या माणसांची चौकशी करतात. विजेचा मेन बसवायला बोलावलेला हा माणूस पेटी मांडीवर घेऊन विचारतो, "धाकटीचं लग्न कधी?" घरातले गोंधळतात. नानांच्या लेखी मात्र प्रश्न सरळ असतो. लग्न ठरलं की कूलर येणार, कूलरला वेगळी वायर, आणि वेगळ्या वायरीला वेगळं भोक. "मागनं भोक पाडाय बोलवू नका. चालू पेटीत लोखंडाचा कीस पडतोय. काय व्हायचं ते आत्ताच सांगा."

अणदुरात आमच्याच गल्लीत एका सासूबाईंनी ठणकावलं, "धुण्याचं मशीन न्हाय यायचं आमच्यात." दाराआडून सून म्हणाली, "नाना, एक भोक जादाच ठेवा." नानांनी ठेवलं. दोन दिवस त्या घरात अबोला होता. दिवाळीला मशीन आलं.

साठी ओलांडली तरी त्यांचे हात थरथरत नाहीत. त्यांचा पंच म्हणजे पोलादाचे दोन तुकडे, एक वाटीसारखा आणि एक धारेचा. पत्र्याला आधी ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, त्यातून जाड बोल्ट घालायचा, दोन्ही बाजूंनी हे तुकडे लावायचे आणि पान्यानं सावकाश आवळत जायचं. ठोकाठोकी नाही. एका क्षणी 'कट्' असा आवाज येतो आणि पत्र्याची गोल चकती वाटीत सुटते. छिन्नी-हातोडा घेऊन पेटीवर तुटून पडणाऱ्यांना नाना 'दरोडेखोर' म्हणतात.

भोक पडलं की कानशीनं कड घासायची आणि मग घरमालकाला आज्ञा, "घाला बोट." मालक मागं सरतो. "घाला की! वायरीची कातडी तुमच्यापरीस जाड हाय व्हय?" बोट बिनओरखड्याचं बाहेर आलं की काम पास.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तिची पुस्तकं समोरच्या खोलीत लावून वर्षश्राद्धाच्या दिवशी गावासाठी वाचनालय उघडायचं, एवढी एकच गोष्ट मी त्या वर्षात ठरवू शकलो होतो. खोलीला दिवे नव्हते, पंखा नव्हता. एक छोटी पेटी आणि तिला खालून चार भोकं, एवढंच काम होतं. आठ दिवस हातात असताना मी नानांना बोलावलं.

पहिल्या दिवशी ते चार वाजता आले. पेटीवर खडूनं चार ठिपके काढले, चहा घेतला आणि म्हणाले, "ठिपक्यांवर जरा इचार करतो." दुसऱ्या दिवशी ठिपके पुसून बोटभर बाजूला काढले. तिसऱ्या दिवशी एक भोक पडलं. मग पुस्तकांच्या गठ्ठ्यांकडं बघत त्यांनी विचारलं, "बाईंनी ही समदी वाचली हुती?" मी तासभर सांगत राहिलो. चौथ्या दिवशी पाना होता, पंच घरी राहिला होता. नाना तरीही सहापर्यंत बसले. पाचव्या दिवशी दुसरं भोक पडलं.

सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. "नाना, तीन दिवसांनी माणसं येतील. अंधारात वाचायचं का त्यांनी?"

"घाईचं भोक वाकडं जातंय, सर."

तेवढ्यात गिरणीवाले शेषेराव वाचनालयासाठी बाकडं घेऊन आले. पेटी पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. "अजून दोनच? नाना, आमच्या गिरणीच्या पेटीला सोमवारी सात पाडली की तुम्ही! चहा निवायच्या आत!"

नाना मान खाली घालून बोल्ट आवळू लागले. "तिथं भोकं पाडायची हुती," ते पुटपुटले.

"आणि इथं?" मी विचारलं.

"इथंबी."

शेषेराव गेले. उरलेली दोन भोकं पंधरा मिनिटांत झाली. माझं बोटही झटपट पास झालं. संध्याकाळी खोलीत दिवा लागला, पंखा फिरला आणि नाना चहा न घेताच गेले.

श्राद्धाच्या दिवशी खोली भरली. शाळेतल्या मुली जमिनीवरच बसून वाचत होत्या. कुणीतरी फोटोला हार घातला होता. नाना दाराशी उभे राहिले, प्रसाद घेतला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला खोलीत कुणीच नव्हतं. मी पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. दारात नाना उभे. हातात पिशवी नाही, पाना नाही.

"काही राहिलं का, नाना?"

"न्हाय. समदं झालंय."

मग उंबऱ्याकडं बघत ते म्हणाले, "आमच्या घरीबी मी एकलाच असतोय, सर. चार वाजता लई शांत असतंय."

मी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडं पाचलाही असतं," मी म्हणालो.

नाना हसले आणि त्यांनी चपला काढल्या.