सिस्टरबाई आणि लॅपटॉपचा अर्धा डोस

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात आम्ही नवीन घरी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, काटक बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला. नाव नाही, गाव नाही, थेट मला विचारलं, "डोस झाला का?"

मला वाटलं, आमच्या मुलीबद्दल विचारताहेत. म्हटलं, "हो, सगळे झालेत. कार्डसुद्धा आहे."

"लेकराचा न्हाई हो. तुमच्या त्या पायरीवरल्या मोबाईलचा! लाल ठिपका दिसून राहिला बघा. अपडेट आलंय आन् तुमी तसेच हिंडून राहिले?"

आणि तिथंच, पायरीवर मला बसवून त्यांनी माझ्या मोबाईलचं अपडेट करवून घेतलं. कपाट तेवढा वेळ टेम्पोच्या फळीवर तिरकं लटकत होतं.

या आमच्या सिस्टरबाई. खरं नाव शेवंताबाई, पण त्या नावानं त्यांना फक्त लाइटबिल ओळखतं. सगळी नोकरी त्यांनी नर्स म्हणून सेनगाव तालुक्यातली खेडी आणि तांडे पायाखाली घालण्यात काढली. खांद्याला लसीचा डबा, डोक्यावर ऊन आणि तोंडात एकच वाक्य: "डोस चुकला की घात झाला." एकदा एका बाईनं इंजेक्शनच्या भीतीनं पोरगं ज्वारीच्या रिकाम्या कणगीत लपवलं. सिस्टरबाई दारात फतकल मारून बसल्या. बराच वेळ गेला, आणि कणगीतून शिंक आली. "काहून गं," बाई म्हणाल्या, "तुझ्या कणगीला सर्दी झाली काय?" आईलाच इतकं हसू फुटलं, की तिनंच पोरगं बाहेर काढून दिलं.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच, तर म्हणतात, "सुट्टी मिळाली न्हाई."

निवृत्त झाल्यावर डबा जमा झाला, पण सवय कुठं जमा करणार? मग मोबाईल आला, लॅपटॉप आला, आणि त्यांच्यामागून अपडेट आले. बाईंना जणू नवीन तालुका मिळाला. अपडेट म्हणजे डोस, हे त्यांनी ठरवून टाकलं. एकदा हिंगोलीला जाताना जीपवाल्याच्या मोबाईलवर सूचना दिसली, तर बाईंनी जीप झाडाखाली घ्यायला लावली. ऐन बाजाराच्या दिवशी किराणा दुकानदाराच्या मोबाईलला डोस पाजला. गिऱ्हाईकांचे पैसे अडकले, साखरेच्या पिशव्या हातात धरून लोक ओरडायला लागले. बाई शांत. "डोसानंतर अर्धा तास बसवून ठेवा लागतं. तकलीफ होते का बघा लागतं. नियमच हाय तो."

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो. पण संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे गावानं मला संगणकतज्ज्ञ मानलंय. हा गैरसमज मीही कधी दूर केला नाही. त्यामुळेच एका रविवारी जेवण आटोपून आडवा होतो न होतो, तोच दार वाजलं. बाई उभ्या होत्या. हातात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, अगदी नवजात बाळ धरावं तसा, एक हात मानेखाली.

"सर, डोस बाधला वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

टॉवेल उलगडला. पडद्यावर सगळी अक्षरं भाकरीएवढी झाली होती आणि सगळ्यावर शेवाळ चढल्यासारखा हिरवा रंग.

"काय केलं होतं?"

"ग्राफिक्स ड्रायव्हर बदलू का म्हणत होतं. म्हणलं, जुना थकला असंल, बदल बाबा. तेवढ्यात लाइट गेली."

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायरवरच चालायचा. म्हणजे अपडेट अर्ध्यात असतानाच त्याचा जीव गेला होता. मी म्हटलं, "बघू सावकाश. आज ठेवून जा."

"आज न्हाई, आत्ताच!" बाई खुर्ची ओढून बसल्या. "चार वाजता कावेरीचा फोन हाय. व्हिडिओवाला."

मग कळलं. कावेरी तांड्यावरची पोरगी, बाईंच्या हातांवर जन्मलेली. आता पुण्याला असते आणि नुकतीच बाळंत झालीय. बाळ जरा पिवळं दिसतं म्हणून ती घाबरली होती. डॉक्टरांनी तपासून "सगळं बराबर आहे" सांगितलं, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सिस्टरबाईंनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी जेवणार नाही, असं म्हणून बसली होती.

"मोबाईलवर बघा की."

"मोतीबिंदू काढल्यापासून मोबाईलवरचं माणूस मला चिंचोक्याएवढं दिसतं. आन् या हिरव्या पडद्यावर पिवळं लेकरू कसं ओळखू, सांगा बरं?"

मी आधी बंद करून चालू केलं. तसंच. मग अपडेट पुन्हा करून बघितलं, तर 'अयशस्वी' अशी पाटी आली. मी म्हटलं, "हा पडदा चालवणारा ड्रायव्हर काढूनच टाकावा लागेल."

बाई ताडकन उठल्या. "दिलेला डोस काढून घेता? असं कुठं असतं काय?"

"बाई, डोस अर्धाच गेलाय. अर्धा काढायचा आणि पुन्हा पूर्ण द्यायचा."

त्या परत खुर्चीत टेकल्या. "व्हय, बराबर. लेकरानं थेंब थुंकले तर पुन्हा पाजतोच की आपण. करा."

मी लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू केला. हे काय म्हणून बाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की यात फक्त जगण्यापुरतंच चालू राहतं, बाकी सगळं बंद. "मंजे सलाईनवर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी उगाचच लॅपटॉपच्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

अर्धवट ड्रायव्हर निघाला. लॅपटॉप पुन्हा नेहमीसारखा सुरू केला आणि माझ्या मोबाईलच्या नेटवर नवीन ड्रायव्हर उतरायला लागला. इकडे बाईंनी वायरमनला फोन लावला. "आज साडेचारपर्यंत लाइट घालवू नको बाबा. तू जन्मला तवा रडत नव्हता, तुला उलटा धरून म्याच रडवलं, ध्यानात हाय ना?" पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण दुपारभर दिवा साधा लुकलुकलासुद्धा नाही.

ड्रायव्हर बसला. हिरवा रंग गेला, अक्षरं लहान झाली. मी आनंदाच्या भरात कुठलीतरी बटणं एकत्र दाबली आणि अख्खा पडदा उलटा झाला. खाली आभाळ, वर जमीन. घड्याळात चार वाजायला आलेले. मी घामाघूम होऊन दिसेल ते बटण दाबत सुटलो.

"अगंबाई, पायाळू!" बाई ओरडल्या. पण गंमत बघा, इतका वेळ घाबरलेल्या बाई आता एकदम थंड झाल्या. मला बाजूला सारलं, पदर खोचला. "पायाळू म्या लई काढले. घाई करायची नसते." असं म्हणून त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, हळूच उलटा केला आणि उशीला टेकवून ठेवला. वायर वर लोंबत होती. चित्र सुलट.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढं साधं कसं सुचावं? मी हसायला लागलो, त्याही हसल्या. तेवढ्यात रिंग वाजली.

पडद्यावर कावेरी आली, डोळे रडून सुजलेले. "याडी!" तिनं हाक मारली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"रडू नको. लेकरू खिडकीपाशी घे. उजेडात. आता नाकाचा शेंडा बोटानं जरा दाब, सोड, पिवळं उमटतं का बघू दे. तळपाय दाखव. दूध पितं? शी-शू होते?" एकेक विचारून झालं. मग बाई मागं टेकल्या. "डॉक्टर बराबर बोलले. गुलाबी हाय गं, गुलाबाच्या कळीवानी. पुन्हा बोलावलंय तवा दाखवून ये. आन् आता आधी तू जेव."

कावेरी रडता रडता हसली. बाळाला अंथरुणावर टाकलं, मोबाईल शेजारी उभा करून ठेवला आणि ताट वाढून घ्यायला आत गेली. पडद्यावर फक्त निजलेलं बाळ राहिलं.

काम झालं म्हणून मी फोन बंद करायला हात पुढं केला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या कुजबुजल्या. "एकटं हाय ते."

मी हात मागं घेतला. बाई खुर्ची पुढं सरकवून बसल्या. बाळाच्या गालावर एक माशी येऊन बसली, तशी त्यांनी पदर सोडला आणि पडद्यावर हलकेच वारा घालायला लागल्या. माशी पुण्यात होती. ती कशाला उठतेय? बाई मात्र वारा घालत राहिल्या, हळू, बाळाची झोप मोडणार नाही इतक्या हळू.