लाघवाचा प्रयोग

माणसाला लाघवीपणाने वळवायचं म्हणजे काय, हे मला नेमकं ठाऊक होतं! आदल्याच रात्री शब्दकोश पाहिला होता. मूळ शब्द लघु, म्हणजे हलका. त्यावरून लाघव: आधी वजनाचा हलकेपणा, मग हाताचा, म्हणून हस्तलाघव. पुढे बहुधा जिभेचाही. थोडक्यात, समोरच्यावर भार न टाकता बोलायचं.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. सोमवारी ग्राहकाचा माणूस तपासणीला येणार होता आणि चारशे शाफ्टच्या कडा खरखरीत निघाल्या होत्या. रविवारी त्या घासून झाल्या नाहीत तर सगळा माल परत, आणि त्यावर सही माझी. हे काम जमणारे एकच, ग्राइंडिंगचे कंत्राटी कामगार धर्माजी. त्यांनी सुपरवायझरला सांगून टाकलं होतं, रविवारी घरचा कांदा काढायचाय.

"मी बोलते. दोन मिनिटांचं काम," मी आमच्या मॅनेजरना, सलिल सरांना म्हणाले.

शनिवारी सकाळी कॅन्टीनमधून दोन चहा आणले आणि धर्माजींना बाजूला बोलावलं. घरच्यांची चौकशी केली. मायक्रोमीटरच्या आधी तुमच्या बोटांना कळतं, असंही म्हणाले. रविवारचा विषय चहा संपल्यावर काढणार होते. पण त्यांनी चहाला हातच लावला नाही. शाफ्टसारखे ताठ उभे राहिले आणि मान खाली घालून मशीनकडे गेले.

अकराला लाइन मंदावली. बाराला पॅकिंगची तेजल आली. "मॅडम, अजून कुणाकुणाला ब्रेक देताय?"

तेव्हा कळलं. आमच्याकडे कंत्राटी माणसाला ब्रेक द्यायचा, म्हणजे उद्यापासून येऊ नका म्हणायचं असलं, की साहेब आधी चहा पाजतात आणि घरची चौकशी करतात. सहा वर्षांत हे माझ्या मोजमापात कधी आलंच नव्हतं! धर्माजींनी डबाही उघडला नव्हता.

मी धावतच गेले. "धर्माजी, काय चाललंय हे? चारशे शाफ्ट पडलेत. उद्या कोण घासणार, मी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजी, ब्रेक न्हाई?"

"कसला ब्रेक? उद्या कामावर या."

"मग सकाळीच असं वरडायचं ना मॅडम. जीव गेला की आमचा." त्यांनी डबा उघडला. "कांदा काढू सोमवारी."

रविवारी ते आले, हाताखाली आणखी चौघांना घेऊन. माल पास झाला. सलिल सरांना भारी कुतूहल. एवढ्या माणसांना मी नक्की काय म्हटलं, ते त्यांना वहीत लिहून घ्यायचं होतं.

मी चष्मा पुसत म्हणाले, "काही नाही सर. ओरडले."