भाषक क्रमांक सात

चन्नप्पांच्या बियाण्याच्या दुकानात त्या बुधवारी नेहमीसारखी गर्दी होती, म्हणजे बसलेले पाच आणि घेणारा एक. दुकान शुक्रवार पेठेतलं. वळसंगचं गिऱ्हाईक आलं की चन्नप्पा कानडीत भाव सांगायचे, मंगळवेढ्याचं आलं की मराठीत, आणि भाव पटला नाही तर दोन्ही भाषा मिसळून रागवायचे. त्यांची मुलगी रत्नम्मा गल्ल्याशेजारी टेपरेकॉर्डर मांडून मुकाट बसली होती. ती भाषा संशोधन केंद्रात साहाय्यक होती आणि 'सोलापूरच्या बाजारातील मराठी-कानडी मिश्र बोली' हा केंद्राचा प्रकल्प होता. रीळ संपलं. तिनं यंत्राला खोळ घातली, चन्नप्पांनी दुकानाला कुलूप घातलं, आणि दोघं घरी जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना चन्नप्पा उंबऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत.

आता आराखड्याविषयी सांगायला हवं. माहिती गोळा करण्याआधी ती कशी ठेवणार, कोणाला ऐकवणार आणि केव्हा नष्ट करणार, याचा आराखडा द्यावा, अशी प्रकल्पाला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या मंडळाची अट होती. केंद्राचे प्रमुख शिवयोगी सर यांनी हे काम रत्नम्माकडे दिलं, कारण तिची मराठी स्वच्छ होती. घरची बोली केंद्रात तिच्या जिभेवर कधी आलेली नव्हती. तिनं आराखडा मनापासून लिहिला. बोलणाऱ्याची अब्रू राखली जावी म्हणून फितीवर नाव नसावं, क्रमांक असावा. नाव-पत्ता लाखबंद पाकिटात ठेवावा आणि भाषकाच्या लेखी संमतीशिवाय ते कोणी उघडू नये. संशोधनाखेरीज इतर कारणासाठी फीत ऐकायची असेल तरी त्याचीच संमती लागावी. काही महिन्यांनी त्याला समक्ष बोलावून पडताळणी करावी. तो न आल्यास माहिती अविश्वसनीय समजून फीत पुसावी आणि पुन्हा वापरावी, कारण फिती परदेशातून येतात. मंडळाला हा आराखडा इतका आवडला की नमुना म्हणून तो इतर केंद्रांना धाडण्यात आला.

दिवसकार्य आटोपून रत्नम्मा कामावर आली तेव्हा तिनं सरांकडे एकच गोष्ट मागितली. अप्पांची फीत एकदा ऐकायची होती. सर समाधीला आले होते, माती लोटताना रडले होते, नंतर पंगतीतही बसले होते. त्यांनी चष्मा पुसला.

"रत्नम्मा, अप्पांची फीत आपल्याकडं नाही. आपल्याकडं भाषक क्रमांक सात आहेत."

"सर, ते तेच."

"असतील. पण ते मला कसं ठाऊक असणार? पाकीट बंद आहे."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः मंडळाला लिहिलं. उत्तर आलं, आणि तेही सहानुभूतीचं. मृत भाषकाच्या वारसाला फीत ऐकता येईल. मात्र मृत व्यक्ती आणि संबंधित भाषक एकच असल्याचं सिद्ध व्हावं. त्यासाठी पाकीट उघडावं. पाकीट उघडण्यासाठी भाषकाची लेखी संमती घ्यावी. आपल्या केंद्राच्याच आराखड्यात ही तरतूद फार नेमक्या शब्दांत केलेली आहे, असा अभिप्रायही शेवटी होता.

रत्नम्मानं मृत्यूचा दाखला आणला. सरांनी तो आदरानं वाचला. चन्नप्पा वारले हे त्यातून निर्विवाद होत होतं, क्रमांक सात वारले असं त्यात कुठंही नव्हतं.

पुढं पडताळणीची वेळ आली. पत्ता पाकिटात, त्यामुळं पत्र पाठवता येईना. सूचना केंद्राच्या फलकावर लागली: भाषक क्रमांक सात यांनी समक्ष हजर राहावे. ते राहिले नाहीत. स्मरणसूचना लागली. तिलाही त्यांनी दाद दिली नाही. प्रकल्पाच्या अहवालात शेरा पडला की भाषक क्रमांक सात यांनी सहकार्य केले नाही. स्वभाव काहीसा बेफिकीर दिसतो.

तेव्हा फीत पुसण्याचा आदेश निघाला. पुसण्याचं काम ज्यानं ध्वनिमुद्रण केलं त्यानंच करायचं, आणि चुकून भलती फीत पुसली जाऊ नये म्हणून आधी ती ऐकून ओळख पटवायची, हेही आराखड्यात होतं. म्हणजे वडिलांचा आवाज ऐकायला रत्नम्माला अखेर रीतसर परवानगी मिळाली.

आराखड्यात खोट काढण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. वर त्यातली कलमं वाचताना वाचकांनीही मान डोलावली असेलच.

सरांनी रीळ चढवलं, बटण दाबलं आणि शिष्टाचार म्हणून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. आधी वजनं ठेवल्याचा आवाज. मग चन्नप्पा कुणाला तरी सांगत होते, बा, कुंदरु, ये, बस, मालदांडी जोंधळ्याचं बी हाय, खोटं निघालं तर माझ्या दारात आणून टाक. कुणीतरी विचारलं, ही पोरगी कोण, अशी गप का बसलीय. चन्नप्पा हसले.

"माझी लेक हाय. लई शिकलीया. पेटीत तिचा आवाज यायचा न्हाय असा कायदा हाय म्हणं, म्हणून गप. कायदा तिनंच केलाय की." मग आवाज जवळ आला. "रत्ना, माझं बोलणं अडाण्याचं वाटतं व्हय गं तुला? सायबाला ऐकवणार, म्हणून विचारतो."

त्यानंतर फितीवर कोणीच बोलत नव्हतं. नियम पाळला गेला होता. रीळ संपेपर्यंत फक्त बाजाराचा गलका येत राहिला.

सरांनी घसा साफ केला. पुसण्याच्या नोंदीसाठी पेन उघडलं आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"ओळख पटली? भाषक क्रमांक?"

रत्नम्मानं यंत्रावरून रीळ काढलं आणि दोन्ही हातांत धरलं.

"क्रमांक न्हाय, सर. चन्नप्पा. माझं अप्पा हाईत हे. मी बी असंच बोलती, त्येंच्यासारखं. पुसणार न्हाय मी."