वामननानांचं न बांधलेलं स्टेडियम

आमच्या मैदानात कुठूनही शिरता येतं. कुंपण नाही, भिंत नाही, मागच्या गल्लीतली बकरीसुद्धा हवं तिथून येते. पण वामननाना परब तिथे असले, की तुम्हाला आणि बकरीला पिंपळाकडून वळसा घालूनच यावं लागतं. मी एकदा घाईत सरळ आत घुसले, तर नाना लांबून ओरडले, "चेडवा, भिंतीतून कित्याक येतंस? भूत आसस काय? गेट थंय आसा!"

गेट नव्हतंच. होतं ते नानांच्या डोक्यात, अख्ख्या स्टेडियमसकट.

मी आमच्या फुटबॉल क्लबची सेक्रेटरी. निवडणूक वगैरे काही झाली नाही. त्या मीटिंगला मी उशिरा पोहोचले, तोवर माझ्या नावाने टाळ्या वाजून झाल्या होत्या. लालबागच्या आमच्या चाळीतल्या पोरांनी काढलेला हा क्लब. पुढे चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिऱ्हाडं विरार-डोंबिवलीकडे पांगली. नवा टॉवर अजून वर यायचं नाव घेत नाही. राहिला तो क्लब आणि शेजारचं मैदान. तिथे पालिकेने स्टेडियम मंजूर केलं. स्टेडियम म्हणजे काय, तर एका अंगाला पायऱ्या आणि वर पत्रा!

नाना गोदीत फिटर होते आणि आमचे जुने गोलकीपर. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "गोल सोडून जाऊ कुठे?" आता अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत एकटे राहतात आणि रोज बस पकडून मैदानात येतात. कशाला? तर स्टेडियमवर देखरेख करायला!

मंजुरी मिळाली त्याच दिवशी त्यांनी जागा वाटून टाकल्या. चाळीत जशी खोल्यांची ओळ, तशीच पायरीवर माणसं. सावंतकाकू, त्यांच्या बाजूला शिरोडकरीण, मग कांबळे मास्तर, मग आमची आई. झालं! सावंतकाकूंचा डोंबिवलीहून फोन. "नळावरून जी मला इतकं बोलली, तिच्या बाजूला मी बसायची नाय!" नानांनी काकूंना वरच्या पायरीवर बढती दिली. मग शिरोडकरीण रुसली, की वरची पायरी तिलाच का? अहो, एक वीट लागलेली नाही आणि भांडण ऐन रंगात! मी डोक्याला हात लावला. नाना मात्र खूश. "हाउसफुल्ल जाणार बघ," म्हणाले.

फोनवर सगळे त्यांना एकच सांगायचे, "नाना, स्टेडियम होऊ दे, मग दर रविवारी येतो की नाही बघा." आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. फोन करणारेसुद्धा तसंच बोलून जात असावेत. नाना ते खरं धरून बसले होते.

मागच्या महिन्यात वॉर्ड ऑफिसातून बोलावणं आलं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून हजर. इंजिनीयर साहेब तसे भले गृहस्थ, माझ्याकडे न बघता म्हणाले, "निधीला कात्री लागलीय, मॅडम. कुंपण देऊ, दिवे देऊ. स्टेडियम आता विसरा."

मी काही बोलायच्या आत नाना पुढे सरसावले. "पत्रा नको, साहेब."

"आजोबा, तसं नाही..."

"रंग नको. नावाची पाटीपण नको. एकच पायरी द्या. लांब. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसे नाना एकेक गोष्ट सोडत चालले होते, आणि मला ते बघवेना. साहेबांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं. "पायरीलाही पैसे नाहीत हो. मॅचच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा ना!"

नाना पाणी न पिता उठले.

बाहेर येऊन ते ऑफिसच्या पायरीवर मटकन बसले. दाखले काढायला आलेली माणसं त्यांच्या बाजूने वर-खाली करत होती. मला नुसता संताप आला होता. त्या निधीचा, त्या खुर्च्यांचा, आणि घरबसल्या 'येतो येतो' म्हणणाऱ्या आमच्या चाळकऱ्यांचासुद्धा.

"नाना, खुर्च्या काय वाईट? मी मांडून घेईन. फोनही मीच करते सगळ्यांना."

"खुर्चीवर माणूस आपापला बसतो गो," नाना म्हणाले. "पायरीवर बसला, की दुसरा येऊन म्हणतो, सरक जरा. चाळीच्या जिन्यावर दिवसभर हेच. सरक रे वामन, सरक मेल्या. असा वैताग यायचा!" त्यांनी शर्टाची चुरगळलेली इस्त्री हाताने सारखी केली. "आता त्या खोलीत सगळी जागा माझीच. कोण सरक म्हणत नाय."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मी पर्स काखेत मारली आणि म्हटलं, "नाना, सरका जरा."

पायरी चांगली ऐसपैस होती, माझ्यासाठी कोणी हलायची गरजच नव्हती. तरी नाना सरकले. आणि माझ्यापुरते नाही, थेट भिंतीला टेकेपर्यंत सरकले, मागून अख्खी चाळ बसायला येत असल्यासारखे.