माधवमामांचा कार्बन

दुकानदार 'नाही' म्हणाला की माणसं पायरी उतरून पुढच्या दुकानात जातात. आमचे माधवमामा बसायला स्टूल मागतात.

"बैठतूं मैं," ते म्हणतात. "तुम आरामसे देखो. मेरेकू कुछ जल्दी नहीं."

आणि खरोखर बसतात. रुमालाची घडी गुडघ्यावर ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघून हसतात, एखाद्या बाईंना 'ये नक्को, वो लेव' असा सल्लाही देतात. थोड्या वेळानं दुकानदाराला आपल्याच दुकानात अवघडल्यासारखं व्हायला लागतं. मग तो शिडी लावतो, माळ्यावर चढतो आणि जी वस्तू आता मिळतच नाही असं त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलेलं असतं, ती फुंकर मारत खाली घेऊन येतो.

याचं मूळ मामांच्या नोकरीत आहे. सारी हयात त्यांनी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर चौकशीच्या खिडकीमागे काढली. "दिवसभर मी काय बोलायचो? गाडी नाही, जागा नाही, मालूम नाही," ते सांगतात. "नाही म्हणणारा माणूस कधी मान वर करून बघत नसतो रे संजू. मी तरी कुठं बघायचो?" रिटायर झाल्यावर त्यांनी या सगळ्या नकारांचं प्रायश्चित्त घ्यायला सुरुवात केली आणि ते भोगावं लागलं बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरातल्या यंत्रांना.

कारण मामा वस्तू नुसती शोधून थांबत नाहीत. ती स्वतः बसवतात.

पंख्याचा रेग्युलेटर त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून पंख्याला एकच वेग उरला, वादळाचा. घरात पेपर वाचायचा तर चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून वाचावा लागे. दारावरची घंटा त्यांनी नीट केली. त्यानंतर बाहेरून बटण दाबलं की घंटा वाजायची नाही, पण न्हाणीघरातला दिवा लागायचा. त्यांच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईला त्याची इतकी सवय झाली की दिवा लागलेला दिसला की ती भाजीवर झाकण ठेवून, "कोण आलं बघ, माधव," म्हणायची. प्रत्येक दुरुस्तीनंतर मूठभर स्क्रू उरायचे. मामांना त्याची कधी चिंता वाटली नाही. "कंपनीवाले जादाच ठोकतात," ते म्हणायचे. "फुकटचं वजन. आपण हलकं केलं."

माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांची अक्का. मामांनी लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर आई त्यांच्याकडे राहायला गेली, थोडे दिवस म्हणून, आणि राहिलीच. मी तिचा एकुलता मुलगा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या उंच इमारतीत राहतो. मी फारसा बोलत नाही. पोटात ठेवण्याची मला सवय आहे आणि त्याचा त्रासही होतो. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो आहे.

आईला धुळीचा दमा. त्यात त्यांच्या गल्लीतला रस्ता खणलेला. नल्लकुंट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात झाडू फिरवायचा नाही. तेव्हापासून रोज सकाळी मामा व्हॅक्यूम क्लीनर चालवत. ते मशीन जुनं, लाल रंगाचं, लांब सोंडेचं. आई त्याला हत्ती म्हणायची. मामा लुंगी खोचून हत्तीमागे घरभर हिंडत आणि आई तोंडाला पदर लावून मागच्या बाल्कनीत बसून हुकूम सोडी: "कपाटाखाली! कपाटाखाली कोण जाणार, तुझे स्टेशनमास्तर?"

एका सकाळी हत्तीनं आतून ठिणग्या टाकल्या, जळका वास सोडला आणि मान टाकली. पाठीवर थाप मारली की दोन घटका घरघरायचा, परत गप्प. तिसऱ्या दिवशी आईचा खोकला वाढला.

मी गेलो तेव्हा मामांनी मशीन उघडून वर्तमानपत्रावर पसरलं होतं. मोटरच्या दोन अंगांना दोन पितळी खोबण्या, त्यांत काळे चौकोनी तुकडे. मेकॅनिक लोक याला नुसतं 'कार्बन' म्हणतात. फिरत्या भागाला घासत घासत ते वीज पोचवतात आणि घासून घासून संपतात.

"हे बघ," मामा हर्षानं म्हणाले. "बोटाच्या पेराएवढा असतो. याची काय हालत झाली बघ! हरभऱ्याची डाळ!"

त्या डाळीकडे बघताना माझ्या मनात काय आलं ते आता सांगतो. मला वाटलं, बरं झालं. नातेवाइकांत कुजबुज होती, मुलगा असून आई भावाच्या दारात. मला ती टोचायची. आईचा दमा मला दिसत होता हे खरं, पण त्याहून जास्त ती कुजबुज ऐकू येत होती. नवं मशीन आणून देणं मला सहज जमलं असतं. मी आणलं नाही.

उलट म्हणालो, "मामा, मी चौकशी केली आहे. या मॉडेलचा कार्बन आता येत नाही. आईला या रविवारी माझ्याकडेच नेतो."

मी कुणाकडेही चौकशी केली नव्हती.

मामांनी डाळ तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कुणासमोर कोणता शब्द उच्चारला.

"येत नाही?" ते म्हणाले. "गाडी काढ."

मग सुरू झाली आमची वरात. कोठी भागातल्या गुजराती गल्लीत पाच-सहा दुकानं झाली. मामा प्रत्येक ठिकाणी स्टूल मागत होते आणि मी प्रत्येक ठिकाणी मनात म्हणत होतो, नसू दे. एका ठिकाणी तर मामांची पाठ वळल्यावर मी दुकानदाराला मानेनं 'नाही म्हण' अशी खूण केली. तो भला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "साब, तबियत ठीक है? गर्दन में दरद है क्या?" मामांनी लगेच माझ्यासाठी पाणी मागवलं.

शेवटी गौलीगुड्यात एका बोळातलं दुकान. ड्रिल, मिक्सर, पाण्याच्या मोटारी यांचे सुटे भाग छतापर्यंत रचलेले. मालक म्हातारा, डोळ्यांवर जाड चष्मा.

"चचा, वो मशीन कबका बंद हो गया. परसों."

आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे गेल्या आठवड्यापासून गेल्या शतकापर्यंत काहीही.

"हौ," मामा बसत म्हणाले. "मशीन बंद हुआ. कार्बन थोडी बंद हुआ?"

"नया ले लो ना, चचा. कायकू हैरान होरैं?"

"मैं कहाँ हैरान होरूं? मैं तो बैठूं. हैरान तुम होरैं."

चष्मेवाल्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मामांनी मग त्याला गुडघ्याचं दुखणं विचारलं, मुलीच्या सासरची चौकशी केली, त्याच्या चहातला अर्धा चहा प्यायले. अखेर तो सुस्कारा टाकून उठला, वरचा डबा काढला आणि एक जोडी काउंटरवर टाकली. "ये बडे ड्रिल का है. तुम्हारे में नहीं बैठता."

मी डाळ शेजारी ठेवून पाहिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "मामा, हा मोठा आहे. चला आता."

"मोठा आहे ना?" मामा म्हणाले. "लहान असता तर रडलो असतो. मोठ्याला लहान करता येतं, येड्या." आणि दोन जोड्या बांधून घेतल्या. दुसरी जोडी कशाला, ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी आईला न्यायला म्हणून गेलो. मामा दोन दिवस काचपेपरवर कार्बन घासत बसलेले. बोटं कोळशासारखी, नाकाचा शेंडा काळा. घासायचं, खोबणीत घालून बघायचं, अडकला की परत घासायचं. मोटरच्या गोलाईवर टेकेल असा टोकाला किंचित खोलगटपणाही त्यांनी आणला होता. मी येताच त्यांनी शेवटचा स्क्रू पिळला आणि मी पाहिलं, वर्तमानपत्रावर एकही स्क्रू उरला नव्हता. मामांच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत होतं. त्यांनाही ते खटकलं असावं. पेपर उचलून त्यांनी खाली दोनदा बघितलं.

आई आतून ताट घेऊन आली. दसऱ्याला आपण हत्यारांना करतो तशी हत्तीला हळद-कुंकवाची बोटं लावली, एक लिंबू पुढ्यात ठेवलं. मामांनी ताट खाली ठेवायला सांगितलं. "पहिल्यांदा हेच ओढून दाखवतो. ताट एका झटक्यात साफ. अक्का, तू बाल्कनीत. संजू, बटण दाब."

मी बटण दाबलं. मनात शेवटचं एकदा म्हणून घेतलं, नसू दे.

हत्ती गरजला. काय गरजला! ना ठिणगी, ना घरघर; एकसुरात, छातीतून. मामांनी विजयानं सोंड ताटावर रोखली, आणि पुढच्या क्षणी सगळी हळद आणि सगळं कुंकू आमच्या अंगावर होतं. या जुन्या मशीनला मागेही एक तोंड असतं, हवा बाहेर फेकायचं. मामांनी सोंड त्या तोंडाला जोडली होती. मामा डोक्यापासून छातीपर्यंत पिवळे. मी लाल. लिंबू घरंगळत शेजारच्या लक्ष्मीअम्मांच्या दारात गेलं. त्या धावत बाहेर आल्या, आम्हाला पाहून त्यांनी गालांवर हात मारून घेतले आणि "अय्यो! कुणाचं लग्न?" असं तेलुगूत विचारलं.

"फेकतंय म्हणजे ओढतंयसुद्धा!" मामा त्या पिवळ्या चेहऱ्यानं ओरडले. त्यांनी सोंड काढली, पुढच्या तोंडाला लावली, आणि हत्तीनं फरशीवरची हळद, चटईवरचं कुंकू, माझ्या पायाशी पडलेले अक्षतांचे दाणे असं सगळं खडखडत गिळलं. मग मामांनी ती सोंड स्वतःच्या डोक्यावरून फिरवली. उरलेले चार केस उभे राहिले. बाल्कनीच्या काचेपलीकडे आई हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मधे एकदाही खोकली नाही.

मीही हसत होतो. हरलो होतो, तरी कित्येक महिन्यांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. म्हटलं, जिंकले मामा. आता आई कुठली जाते!

हात-तोंड धुऊन आलो तर मामांनी मशीन ओल्या फडक्यानं पुसून एका खोक्यात ठेवलं होतं. वायर गुंडाळलेली, नळ्या दोरीनं बांधलेल्या. वर कार्बनची दुसरी जोडी, घासून तयार, कागदात गुंडाळून.

"हे काय?" मी विचारलं.

"घेऊन जा," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "अक्काबरोबर. तुझ्या इमारतीसमोर बांधकाम चालू आहे, मी बघितलंय. धूळ अकराव्या मजल्यावरही येते. आतली जोडी संपली की ही दुसरी घाल. तुला जमणार नाही, अक्काला शिकवलंय. सकाळी अंग धुवायच्या आधी चालवायचं, नंतर नाही. नंतर चालवलं तर तिला शिंका येतात."

मला वाटत होतं ते तिला ठेवून घ्यायला धडपडत होते. ते तिची पाठवणी करत होते.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: चौकशी केलीच नव्हती, गल्लीत दुकानदाराला खूण केली होती, नवं मशीन मुद्दाम आणलं नव्हतं. बोलताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अजून कुंकू होतं की शरम, माहीत नाही.

मामांनी नळ्यांची दोरी आणखी घट्ट केली. "बरं केलंस," ते म्हणाले. "मिळतो म्हणाला असतास तर तुलाच आण म्हणालो असतो. मग माझ्या हातून हे झालं असतं का?"

बाल्कनीचं दार उघडून आई आत आली होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती खुर्चीवर बसली.

"पाठवणारे तुम्ही, नेणारे तुम्ही," ती म्हणाली. "आठ दिवस दोघं त्या मशीनशी बोलताय. मला विचारलं कुणी?"

मी खाली बघत विचारलं, "आई, येतेस का माझ्याकडे?"

"नाही," आई म्हणाली. "सणाला येईन. चार दिवस राहीन, तुझ्या बायकोच्या हातचं खाईन आणि परत येईन. लोक बोलतात ते बोलू देत. त्यांना मी सांगेन. माझं घर हे आहे. आणि हा," तिनं मामांकडे हनुवटी केली, "मागे मी तुझ्याकडे महिनाभर होते ना, तर याने एक दिवस चूल पेटवली नाही. लक्ष्मीअम्मांनी सांगितलं मला. जिन्यात बसून असायचा म्हणे. आत जायचाच नाही."

"खोटं बोलते ती लक्ष्मीअम्मा," मामा म्हणाले.

आणि ते वाकले. खोक्यातून मशीन बाहेर काढलं, दोरी सोडली, नळ्या जोडल्या, या खेपेला बरोबर तोंडाला. बटण दाबलं. घर त्या आवाजानं भरून गेलं. आमच्याकडे पाठ करून ते खिडकीजवळची एक फरशी साफ करायला लागले. ती स्वच्छच होती. तिच्यावर काहीच नव्हतं. तरी सोंड तिथेच, पुढे-मागे, पुढे-मागे.

त्या आवाजात माणूस काही पुटपुटला तरी ऐकू येत नाही. मी पुढे व्हायला निघालो, तर आईनं माझं मनगट धरलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "राहू दे. चालवू दे त्याला."