वेलीला लागलेली सवय

रविवारी सकाळी डबलचेकनी पाठीवरच्या पिशवीत पाण्याचे दोन कॅन कोंबले, दाराला कुलूप लावलं, जिना उतरले, पुन्हा वर येऊन कुलूप ओढून पाहिलं आणि मगच बसस्टॉप गाठला. ऑफिसात हे नाव त्यांना याच खोडीमुळे पडलं होतं. आता ऑफिस सुटलं, हाका मारणारे सुटले, खोड तेवढी राहिली.

निवृत्तीला त्यांना काय द्यायचं यावर ऑफिसात बराच खल झाला होता. घड्याळ काय, सगळ्यांनाच देतात. मग कुणीतरी टूम काढली. शहराबाहेर डोंगराच्या उतारावर एक वायनरी होती. तिथे पैसे भरले की एक द्राक्षवेल तुमच्या नावावर व्हायची. वेलीपाशी नावाची पाटी, वर्षाकाठी रेड वाइनची एक बाटली, आणि कार्डावर खाली छापलेलं, 'आपली वेल पाहायला कधीही या.'

आता 'कधीही या' म्हणजे काय, हे जगात सगळ्यांना कळतं. जिन्यात भेटलेला शेजारीही 'या एकदा घरी' म्हणतो, आणि आपण खरोखरच गेलो तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण बायको गेल्यापासून डबलचेकना कुणी साधं 'या' म्हणालं नव्हतं. ते पुढच्याच रविवारी गेले. मग त्याच्या पुढच्या. त्या उतारावर शेकडो लोकांच्या नावाच्या वेली होत्या, त्यातला एकही मालक कधी फिरकायचा नाही. हे मात्र न चुकता हजर.

"बाबा, तुम्ही वाइन पिता?" परदेशातून मुलीनं फोनवर विचारलं.

"छे. तुरट लागते. एक घोट घेतला आणि ठेवून दिली."

"मग दर रविवारी जाता कशाला तिकडे?"

"वेल आहे ना माझी," डबलचेक म्हणाले. मुलीनं "बरं" म्हणून फोन ठेवला. तिकडे तिला ऑफिसची घाई होती.

पहिल्यांदा वेल बघितली तेव्हा त्यांनी वाकून माती चिमटीत घेऊन पाहिली होती. दगडगोट्यांची रखरखीत जमीन, वर तापलेलं ऊन, आणि त्यात ती काटकुळी वेल. बायकोची गॅलरीतली झाडं त्यांना आठवली. ती आजारी असताना म्हणाली होती, झाडांना पाणी घालत जा. आणि ती गेल्यावर या गृहस्थाला महिनाभर कशाचीच शुद्ध नव्हती. गॅलरीत गेले तेव्हा कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या. तो सल मनातून गेला नव्हता. म्हणून दुसऱ्या रविवारपासून कॅन सुरू झाले. तिथला बागवान जेवायला झोपडीत गेला की हे इकडेतिकडे बघून दोन्ही कॅन मुळाशी रिकामे करायचे, वर घरून आणलेला चहाचा चोथा पसरायचे, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बागवानाशी गप्पा मारायला जायचे. आठवड्याभरात दुधवाला सोडून ते तेवढ्या एकाच माणसाशी बोलत.

वेल तरारली. पानं तळहाताएवढी झाली, मणी टपोरले. डबलचेकची छाती अभिमानानं फुगली.

त्या रविवारी मात्र वायनरीच्या वाइनमेकर बाई पाहुण्यांचा एक घोळका घेऊन उतारावर फिरत होत्या. डबलचेकही मागे जाऊन उभे राहिले.

"आमच्या वाइनची सगळी चव या उतारात आहे," बाई सांगत होत्या. "दगडाळ जमीन, पाणी कमी. आम्ही वेलींना मुद्दाम तहानलेलं ठेवतो. मग मुळं खोल जातात, मणी बारीक राहतात, साल जाड होते, रस दाट उतरतो. वेलीचे लाड केले की वाइन पाणचट झालीच समजा."

डबलचेकनी पिशवीतले कॅन वर दिसत नाहीत ना, हे दोनदा चाचपून पाहिलं. तोवर बाई नेमक्या त्यांच्याच वेलीपाशी थबकल्या होत्या.

"बागवान, ही एकटीच कशी सुटलीय?"

बागवानानं वेलीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "काय की बाई."

"खालची पाण्याची नळी फुटली असणार. उद्याच खणा."

झालं. पुढच्या रविवारी डबलचेक कॅन न घेता आले, तर वेलींच्या रांगेलगत त्यांच्या कंबरेइतका खोल चर. नळी सापडली, धडधाकट. मग बाईंना वाटलं, वरच्या टाकीतून झिरपत असेल. टाकी रिकामी केली. टाकी रिकामी म्हणून चव घेण्याच्या दालनातले पेले धुवायला पाणी नाही. पेले नाहीत म्हणून कागदी कपांतून रेड वाइन, आणि त्यावरून पाहुण्यांची कुरकुर. मुतारीला तर 'बंद आहे' अशी पाटी. दोन कॅनांनी अख्खी वायनरी कोरडी पाडली होती.

डबलचेकनी ठरवलं, गप्प बसायचं. कळलं तर इथे कोण पाऊल ठेवू देणार? आणि रविवार गेला तर आठवड्यात उरलं काय? सोमवार ते शनिवार ते कसेबसे रेटत होते ते याच्याच भरवशावर. ते चराच्या कडेला उभं राहून "कमाल आहे, कमाल आहे" म्हणत राहिले.

तेवढ्यात बाई तरातरा आल्या. "बागवान, नळीत काही नाही, टाकीत काही नाही. म्हणजे तुम्हीच रात्री कॉक उघडा ठेवत असणार. मालक चिडलेत. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघा म्हणाले."

बागवान फावडं टेकवून मुकाट उभा राहिला. डबलचेकना वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. तो फावड्याला लागलेली माती झटकत राहिला.

"बाई," डबलचेक म्हणाले. "नळी, कॉक, काही नाही. मीच पाणी घालत होतो. घरून आणून."

"घरून?"

"बसनं. पिठासारखी कोरडी माती होती हो. मला बघवेना."

बाईंनी चराकडे पाहिलं, रिकाम्या टाकीकडे पाहिलं, मग या गृहस्थाकडे पाहिलं. त्या कडक आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची बाटली आम्ही घरपोच पाठवत जाऊ. तुम्ही आता इथे येण्याची तसदी घेऊ नका."

डबलचेकनी मान हलवली. इतकं एकटं त्यांना गॅलरीतल्या त्या कुंड्यांपुढेही वाटलं नव्हतं. ते वळले.

"पण बाई," मागून बागवान म्हणाला, "वेलीला आता सवय लागलीय."

"कसली सवय?"

"साहेबांची. आणि पाण्याची. एकदम तोडलं तर धक्का बसेल, मरेल ती. हळूहळू सोडवावी लागेल. थोडं थोडं कमी करत. दोनतीन वर्षं तरी."

"असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकाचं मला काय माहीत?" बागवान म्हणाला. "मी आपलं अनुभवाचं सांगतो."

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं की. चहाचा चोथा काय आभाळातून पडतो?"

"मग गेला आठवडाभर चर कशाला खणलात?"

"तुम्ही खणा म्हणालात." बागवानानं फावडं या हातातून त्या हातात घेतलं. "आणि सांगितलं असतं तर हे आले नसते. आठवडाभर या उतारावर माझ्याशी बोलायला आहे कोण?"

सवयीचं ते बागवान धादांत खोटं बोलतोय, हे बाईंना कळत होतं. त्यांना कळतंय हे बागवानाला कळत होतं. बाईंनी त्या गुबगुबीत वेलीचा एक मणी तोडून चाखला.

"ही वेल वाइनमधून बाद," त्या शेवटी म्हणाल्या. "तिची द्राक्षं तुमची तुम्ही खा. आणि हा चर दोघांनी मिळून बुजवायचा." जाता जाता त्या थांबल्या. "नुसत्या रविवारी येऊन अशी सवय सुटत नसते, काका. मध्ये बुधवारीही एक चक्कर मारत जा."

गेल्या कित्येक बुधवारी डबलचेकना खिडकीशी बसण्यापलीकडे काही काम नव्हतं, आणि पुढच्या कुठल्याही बुधवारी असण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी घसा खाकरला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "बुधवारचं मला जरा बघून सांगावं लागेल."