नऊ पावलांवरचे मीठ

अकरा सभासदांनी भाड्याच्या एका खोलीत, एक तराजू आणि एक मिठाचे पोते एवढ्याच सरंजामानिशी जी दौलत उभी केली, आणि जी आजमितीस सात दुकानांनी नांदते, त्या सहकारी ग्राहक भांडाराच्या राज्यात मिठावरून जो संग्राम जाहला, त्याची हकीकत तिखटमीठ न लावता लिहिली असे.

या दौलतीत राजा एक नव्हता. जो शेअर घेई तो मालक. सबब मालक सहा हजार आणि ऐकून घेणारा एक, ते पहिल्या दुकानाचे मांडणीकाका. एक मालकीण येऊन साबण वरच्या फळीवर ठेवा म्हणे, आणि दुसरे मालक येऊन खाली ठेवा म्हणत, आणि काका दोघांसही बरं म्हणून साबण होता तेथेच ठेवीत. मिठाचा ठाव मात्र कोणी मोडिला नव्हता. पहिले पोते जेथे पडले, दारातून उजवीकडे नऊ पावलांवर, तेथेच मीठ तीस वर्षे मुक्काम करून होते.

पुढे चेअरमनसाहेब, दौलतीचे मुख्य आणि मोठे हौशी, यांनी एक सल्लागार आणिला, आणि त्याने रंगीत नकाशा पसरून मसलत दिली की, सातही दुकानांत मीठ शेवटच्या भिंतीशी न्यावे, म्हणजे मिठास आलेला माणूस बिस्किटांच्या आणि अत्तरांच्या खिंडीतून जाईल आणि नुसते मीठ घेऊन परतणार नाही. मालकांच्या दुकानाने मालकांसच खिंडीत गाठावे, ऐसा हा मनसुबा संचालकांस फार पसंत पडला. मग फर्मान सुटले की मीठ सर्वत्र एकाच जागी, शेवटच्या भिंतीशी असावे, आणि उजूर करील तो गोदामावर रवाना होईल. काका हुकमाचे ताबेदार. त्यांनी मीठ हलविले आणि त्या जागी पिठीसाखर बसविली.

आता सभासद क्रमांक एक, त्या गणिताच्या निवृत्त बाई. काका त्यांचेच विद्यार्थी आणि गणितात कायमचे नापास. बाईंची नजर दोन वर्षांत पार मावळत आली होती, आणि हे काकांवाचून कोणास ठाऊक नव्हते. कारण बाई ताठ मानेने येत, मनात पावले मोजीत, हात लांबवून मीठ घेत आणि निघत. तिसरे दिवशी त्या भाजी पिठीसाखरेने गोड करून आल्या आणि दाराशीच थांबल्या.

“अरे, माझं मोजायला चुकलं का रे?”

“नाही हो बाई. मीठच हलवलंय, पार मागच्या भिंतीला. दोन वळणं आहेत मध्ये.”

“म्हणजे आता कुणाचा तरी हात धरून यायचं. त्यापेक्षा नकोच ते.”

ऐसे बोलून बाई माघारी फिरल्या.

मग वार्षिक सभा भरली. काकांपाशी शेअर एकच, परंतु तेवढ्याने तेही मालकच. बाईंचे गुपित सांगते तर सभा क्षणात विरघळती. ते शस्त्र काकांनी म्यानाबाहेर काढिले नाही. ते उभे राहिले आणि निवेदन करते जाहले की, मीठ सर्वत्र एकाच जागी असावे हे चेअरमनसाहेबांचे धोरण थोर आहे, त्यास विरोध करील तो करंटा. फक्त ती जागा पहिल्या दुकानाची, पूर्वापार, नऊ पावलांवरची असावी. स्तुतीने चेअरमनसाहेबांची मान जी डोलू लागली, ती जागेचे कलम आले तरी थांबेना. सल्लागार नकाशा उलगडू लागला, तो साबणवाल्या मालकिणीने पुसिले की, बिस्किटांची खिंड आमच्याचसाठी का? तेव्हा आपणच लुटले जाणार हे मालकांस कळो आले आणि एकच गिल्ला जाहला. ठराव मंजूर जाहला. चेअरमनसाहेबांनी तो आपलाच म्हणून त्यावर सही केली आणि दुसऱ्याच कागदावर काकांच्या बदलीचीही केली.

काकांनी स्वतः बाईंच्या घरी जाऊन वर्दी दिली, म्हणून शनिवारी बाई आल्या. नऊ पावले चालल्या, हात लांबविला, पुडा दाबून पाहिला.

“बरोबर?”

“बरोबर, बाई.”

“तुला उगाच नापास केलं रे मी.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सातही दुकानांत मीठ दारातून नऊ पावलांवर कायम जाहले, आणि सोमवारी काका गोदामावर रुजू जाहले. तेथे त्यांनी पहिले पोते मिठाचे, दारातून उजवीकडे पावले मोजून ठेविले, ही नोंद दप्तरी दाखल असे.